दोन काचांमधला कागद

काचेच्या धंद्यात पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. काचेला काच लावायची नाही, मधे कागद घालायचा. जुनं वर्तमानपत्र चालतं, पातळ पुठ्ठा चालतो, काहीच नसेल तर सदऱ्याची बाही फाडा, पण मधे काहीतरी घाला. नाहीतर काचा एकमेकींना ओरखडतात. आणि चुकून ओल राहिली तर अशा चिकटतात, की सोडवता सोडवता दोघींचाही जीव जातो.

त्या दुकानात काचांच्या मधे कागद असायचा आणि भावांच्या मधे वहिनी.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड करून बसलेली एक लांबट खोली. मधोमध जाड लोकर अंथरलेलं टेबल. भिंतीकडेनं लाकडी घोडीवर उभ्या करून ठेवलेल्या काचा आणि आरसे. मागे पत्र्याची शेड, तिथं कडा घासायचं यंत्र. शेडच्या बाजूनं पायऱ्या चढलं की घर. थोरला टेबलापाशी काच कापायच्या हिरकणीनं रेघ मारायचा आणि काच टक्कन मोडायचा. धाकटा शेडमधे यंत्रावर कडा घासायचा. ते यंत्र सुरू झालं की असं कोकलायचं, की शेजारचा शिंपी म्हणायचा, "ह्यांच्याकडे रोज कुणाचा तरी दात काढतात."

थोरला म्हणजे वहिनीचा नवरा. धाकटा म्हणजे दीर. लग्न केलं नाही त्यानं. "घरात एक बाई आहे ती पुरे, आणखी एकीला कशाला ह्या कोकलण्यात आणू," म्हणायचा. जेवण थोरल्याकडेच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, तिच्या हातचं खाऊनच मोठा झाला. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची ती त्याच्यामुळेच. पोस्टमन वहिनी म्हणायचा, डॉक्टर वहिनी म्हणायचा, एकदा तर तिचा स्वतःचा जावई वहिनी म्हणून गेला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

तर हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. किती वर्षं? कुणी मोजली नव्हती. पण भांडण झालं तेव्हा वहिनीची लेक शाळेत होती, आणि आता ती स्वतः बाळंतीण झाली होती. एवढ्यावरून काय ते समजा.

भांडण कशावरून, तर न्हाव्याच्या दुकानातल्या आरशावरून. धाकट्यानं माप आणलं, थोरल्यानं कापलं, आणि आरसा भिंतीवर लावायला गेले तर दोन बोटं कमी. थोरला म्हणाला, तू चुकीचं माप सांगितलंस. धाकटा म्हणाला, तू चुकीचं कापलंस. न्हावी म्हणाला, जाऊ द्या हो, दोन बोटांत काय चेहरा मावत नाही का. पण ह्या दोघांना न्हाव्याचं काय पडलेलं! थोरला म्हणाला, "ह्यापुढे ह्याच्या तोंडचं माप मी घेणार नाही." धाकटा म्हणाला, "मी देणारच नाही." आणि दोघंही शब्दाचे असे पक्के, की सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

पण माप तर द्यायलाच पाहिजे. मग धाकटा वहिनीला सांगायचा, वहिनी थोरल्याला सांगायची. आज माप, उद्या हातोडी, परवा मीठ. बघता बघता सगळंच तिच्या तोंडून जायला लागलं.

शेडमधे यंत्र कोकलत असायचं आणि टेबलापाशी थोरला गुरगुरायचा, "सांग त्या गाढवाला, कडा नीट घास म्हणावं. गिऱ्हाइकाचा हात कापला तर हा जाणार आहे का टाके घालायला?"

वहिनी शेडमधे जायची आणि म्हणायची, "भावजी, कडा जरा बघता का? हे म्हणतायत, छान झालीय, फक्त थोडी अजून."

धाकटा यंत्र थांबवून म्हणायचा, "त्या म्हाताऱ्याला सांगा, रेघ वाकडी जातेय. चष्मा लाव म्हणावं, नाहीतर काठी घे."

वहिनी परत यायची आणि म्हणायची, "अहो, भावजी विचारतायत, दिवा लावू का. उजेड कमी वाटतोय त्यांना."

जेवायला बसले की दोघं तिच्या दोन कानांशी. जशी शाळेत पोरं बाईंना एकमेकांच्या चुगल्या सांगतात तसे. वहिनी दोन्हीकडचं ऐकायची, कडवट ते गिळायची आणि गोड ते वाढायची. तिला वाटायचं, आपलं कामच ते. घासाघास होऊ नये म्हणून तर आपण मधे आहोत.

तिनं काही उपाय केले नव्हते असं नाही. एकदा दोघांना शेडमधे घातलं आणि बाहेरून कडी लावली. दोघांनी मिळून दार ठोठावलं, अगदी एका तालात, पण एकमेकांशी अवाक्षर नाही. पालथ्या घड्यावर पाणी! मग तिनं नाद सोडला.

सगळ्यात अवघड काम उचलायचं. मोठा आरसा एकट्याच्या बापाला उचलवत नाही. दोन टोकांना दोघं लागतात, आरसा उभा धरायचा, आणि एकाला उलटं चालावं लागतं. उलटा चालायचा थोरला. त्याला मागचं दिसत नाही, मान जरा वळवली तर आरशात फक्त स्वतःचं तोंड दिसतं. पलीकडच्या टोकाला धाकटा. त्याला सगळं दिसतं पण तो बोलणार नाही. म्हणून वहिनी बाजूनं चालायची. "अहो, मागे टेबल. अहो, पायरी. भावजी, जरा थांबा. आता वळा." गल्लीतले लोक म्हणायचे, वहिनी बघा, दोन बैलांची गाडी हाकतायत.

असं सगळं चाललं होतं. आणि लेकीला मुलगी झाली.

लेक लांबच्या शहरात. एका शब्दकोशाच्या कचेरीत काम करायची. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ लिहायचा, तो कुठून आला ते लिहायचं. थोरला म्हणायचा, "माझी पोरगी शब्दांची मापं घेते." बाळंतपणाच्या रजेतसुद्धा तिला चैन नव्हतं. एका हातात पोर, एका हातात कामाचे कागद. जावयाची आई आली होती मदतीला, पण त्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्या या आठवड्यात निघणार होत्या. मग वहिनीनंच जायला हवं होतं. नुसतं हवं होतं असं नाही, तिचा जीव तिकडेच होता. नात आत्तापर्यंत तिनं फक्त फोनवर पाहिली होती. काचेच्या घरात राहणाऱ्या बाईला नातही काचेतूनच बघायची वेळ आली होती.

दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा वहिनी घरात भांडी पुसत होती. समोर फोन टेकवून ठेवलेला, त्यात लेक आणि लेकीच्या खांद्यावर मुठीएवढं डोकं.

"आई, कधी निघतेस?"

"अगं निघते. बाबांचं आणि काकांचं काहीतरी लावून देते आणि निघते."

तेवढ्यात खालून थोरल्याची हाक. "अगं! त्याला विचार, डान्सक्लासचे आरसे घासून झाले का!"

आणि शेडमधून धाकट्याची, "वहिनी! त्यांना सांगा, कधीच झालेत!"

लेक हसायला लागली. इतकी हसली, की पोर दचकलं. "आई, अगं मी आज नेमका हाच शब्द घेऊन बसलेय. इंटरपोज. त्याचा मराठीत अर्थ काय लिहू सांग. मधे ठेवणे, मधे घालणे, दोघांच्या मधे पडणे."

"म्हणजे मीच की."

"तूच! मला उदाहरणासाठी एक वाक्य पाहिजे."

"लिही ना. 'वहिनीला दोघा भावांच्या मधे ठेवलंय आणि ती मरेपर्यंत तिथंच राहणार.'"

"हे छापता नाही येणार गं."

"का? खरं आहे म्हणून?"

लेकीनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ऐक, गंमत सांगते. इंटर म्हणजे मधे, ते सरळ आहे. लॅटिनमधे पूर्वी इंटरपोनेरे असा शब्द होता. पोनेरे म्हणजे ठेवणे. पण आपला हा शब्द फ्रेंचांच्या घरून आला, आणि त्यांच्याकडे पोझे म्हणून दुसराच शब्द होता. त्याचं मूळ काय माहितेय? थांबणं. विसावा घेणं. आपण पॉज म्हणतो ना, त्याचा तो भाऊ. दोन्ही शब्द दिसायला सारखे, लोकांनी घोटाळा केला, आणि ठेवण्याचं काम त्या विसाव्याच्या शब्दावर येऊन पडलं. तेव्हापासून तोच राबतोय."

वहिनीनं पुसायचं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे मूळचा तो बिचारा आराम करत बसला होता?"

"हो."

"आणि लोकांनी त्याला उचलून दोघांच्या मधे कोंबला?"

"अगदी तसंच."

"मग तुझ्या त्या पुस्तकात असंही लिही," वहिनी म्हणाली, "की त्याला आता पुरे झालंय."

ती हसत म्हणाली होती, पण बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण खरंच बोललो. फोनमधे नातीनं जांभई दिली. एवढंसं तोंड, त्यात केवढी जांभई! वहिनी उठली, पायऱ्या उतरून दुकानात गेली आणि म्हणाली, "अहो, मी चालले. परवाच्या बसनं."

थोरल्यानं हिरकणी बाजूला ठेवली. "जा की. जायलाच पाहिजे. पण डान्सवाल्या बाईंचे आरसे? त्यांचा क्लास सोमवारी सुरू होतोय. एवढाले आरसे आहेत, भिंतभर. तू नसलीस तर उचलणार कसे?"

"तोंडानं."

थोरल्यानं हिरकणी परत उचलली.

वहिनी शेडमधे गेली. यंत्र बंद झालं. धाकट्यानं ओले हात पुसले. "जा वहिनी, बिनधास्त जा. पण आरसे?"

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी, भावजी."

"आधी तो बोलू दे."

"ते म्हणतात, आधी तुम्ही."

"मग राहिलं."

बघा आता, म्हणजे अडकित्त्यात सुपारी. वहिनी शेडच्या दारात उभी राहिली आणि विचार करायला लागली. आणि तिला एक युक्ती सुचली. युक्ती अशी, की तिचा तिलाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोन हातात घेऊन घोडीपासून रस्त्यापर्यंत एकटीच चालत गेली, फोनमधे बोलत बोलत. "उचला. चला. अहो, टेबल संपलं. सरळ या. मागे पायरी. उतरा. आता डावीकडे वळा. सावकाश. ठेवा. झालं बाई एकदाचं." शिंपी कात्री हातात धरून बघत राहिला. त्याला वाटलं, बाई कामानं भ्रमिष्ट झाली.

"हे घ्या," तिनं फोन थोरल्याच्या खिशात घातला. "माझा आवाज भरलाय ह्यात. मी जाताना ह्यातलं सगळं तुमच्या फोनमधे घालून देते. उचलायच्या वेळी लावायचा आणि ऐकायचं. आत्ता एक आरसा नेऊन बघू. गेला नीट टेंपोत, तर मी सुखानं बसमधे बसते. आणि मी एक शब्द बोलणार नाही. मी नाहीच इथं, असं समजा. मला तोंड उघडावं लागलं, तर माझं जाणं रद्द."

"आधी एखादी फळी नेऊन बघावी का?" थोरला म्हणाला.

वहिनीनं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा तिच्या कानाशी लागला, "फळी तर कुणीही नेतो. त्यांना म्हणावं, भीती वाटते का?"

वहिनी म्हणाली, "भावजी म्हणतायत, आरसाच घेऊ."

डान्सक्लासचा आरसा म्हणजे चेष्टा नव्हती. उंचीला थोरल्याच्या डोक्यावरून हातभर, आणि रुंदीला खाटेएवढा. दोघांनी चामड्याचे मोजे चढवले. रबरी वाट्यांची हँडलं आरशाला लावली आणि ओढून बघितली. टेंपोवाला बाहेर फळकुटं लावून उभा. वहिनी घराच्या पायऱ्यांवर, जिथून दुकानाचं दार सरळ दिसतं तिथं, जाऊन बसली आणि तोंडावर हात ठेवला. थोरल्यानं खिशातला फोन दाबला.

"उचला," खिसा म्हणाला.

उचलला. झकास उचलला. दोघांचा हात जुनाच होता, बोलणं बंद झालं तरी हात काही बोलायचे थांबले नव्हते.

"चला."

चालले. आणि इथं वहिनीला आपली चूक कळली. कारण युक्ती करताना ती रिकाम्या हातानं चालली होती. तरातरा. आणि माणूस आरसा घेऊन तरातरा चालत नाही, तो नव्या नवरीसारखा चालतो.

"अहो, टेबल संपलं."

टेबल कुठलं संपलंय! थोरला टेबलाच्या पहिल्या पायाशी होता. पण बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास असा, की त्यानं बाजूला अंग काढलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर कंबर आपटली. "आई गं," म्हणाला, पण आरसा सोडला नाही.

"सरळ या. मागे पायरी. उतरा."

थोरला दुकानाच्या मधोमध होता. तिथं सपाट फरशी. पण तो पाय मागे टाकून पायरी शोधायला लागला. एकदा ह्या पायानं, एकदा त्या पायानं, हवेत चाचपत. डान्सक्लासला आरसा न्यायच्या आधी हा माणूस डान्स शिकूनच जातो की काय, असं टेंपोवाल्याला वाटलं. तो तोंड फिरवून हसत होता. धाकटा दात दाबून चालत होता. वहिनीनं दुसरा हातही तोंडावर ठेवला.

थोरला कसाबसा मागे सरत दारापर्यंत पोचला. अर्धा आरसा आत, अर्धा बाहेर पडायच्या बेतात. आणि खिसा म्हणाला,

"आता डावीकडे वळा."

थोरला वळला.

दाराला शटरची लोखंडी पट्टी होती, चार बोटं जाड. आरशाची कड तिच्याकडे निघाली. वहिनी पायरीवरून उठून उभी राहिली. तिला पट्टी दिसत होती, कड दिसत होती, दोघांमधलं अंतर कमी कमी होताना दिसत होतं. तोंडाशी शब्द आला होता. अगदी दातांच्या मागे येऊन बसला होता. पण तो शब्द बाहेर आला असता तर गेली बस, गेली नात, आणि उरलं सगळं आयुष्य ह्या दाराशी, अहो मागे पायरी, भावजी जरा थांबा. आणि नाही आला तर आरसा जाणार, थोरल्याचे हात जाणार. तिनं तोंडावरचे हात काढले. आरसा गेला खड्ड्यात, आणि बसही गेली! तिनं श्वास घेतला...

"थांब! अरे दादा, थांब!"

हा आवाज वहिनीचा नव्हता.

थोरला जागच्या जागी गोठला. कड आणि पट्टीच्या मधे एक कागद जेमतेम गेला असता, एवढीच जागा. रस्ता गप्प. शिंप्याची मशीन गप्प. फक्त खिसा बोलत होता, "सावकाश. ठेवा. झालं बाई एकदाचं."

थोरल्याला आरशात स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसत होतं. त्या तोंडाला त्यानं विचारलं, "कोण बोललं?"

"मी बोललो," आरशाच्या पलीकडून आवाज आला. "दुसरं कोण बोलणार? तुझा खिसा?"

थोरल्यानं आरशावरची पकड बदलली. जड आरसा हातात घेऊन रुसायचं किती वेळ, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक.

मग थोरला म्हणाला, "बरं. आता काय करू?"

"माझ्याकडे ये. एक पाऊल. हं. आता सरळ मागे. अजून. अजून ये. आता पायरी आहे, उतर. अरे उतर ना, पायरी म्हणालो, विहीर नाही म्हणालो!"

"दिसतंय का मला?"

"मला दिसतंय ना, टाक पाय!"

टाकला. उतरला. डावीकडे वळला. आरसा टेंपोच्या फळकुटाला लागला, असा अलगद, की झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं. टेंपोवाल्यानं पुठ्ठा सरकवला, दोरी बांधली. थोरल्यानं हातमोजे काढले, कमरेवर हात ठेवला आणि धाकट्याकडे वळून जो फुटला,

"गाढवा! आधी तोंड उघडायला काय झालं होतं? मी टेबलावर आपटलो तेव्हा तुझी जीभ काय गहाण होती? आत्ता फुटला असता, हात तुटले असते माझे! गाढव ते गाढव!"

 धाकट्याचा चेहरा असा झाला, की वहिनीला वाटलं, झालं, आता हा परत पुढची दहा वर्षं बोलत नाही.

"काय म्हणालास?" धाकटा म्हणाला.

"गाढव म्हणालो."

"परत म्हण."

"गाढवा, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का?"

आणि धाकटा हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो मागे वळून वहिनीला म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं हा मला काय म्हणत होता? 'जरा बघता का. छान झालीय, थोडी अजून.' मला वाटलं, संपलं, दादा पार परका झाला. पाहुण्याशी बोलतात तसा बोलायला लागला. मी म्हटलं, आता काय बोलायचं ह्याच्याशी!"

"मी?" थोरला ओरडला. "मी बघता का म्हणालो? मी रोज गाढव म्हणतोय तुला! उठताबसता म्हणतोय! आणि तू रे, सारखा दिवा लावू का, दिवा लावू का! मला वाटलं, टोमणे मारतोस म्हाताऱ्याला."

"मी कधी दिवा म्हणालो? मी म्हणालो, चष्मा लाव, नाहीतर काठी घे!"

"काठी?"

"काठी!"

आणि दोघांनी एकदमच वहिनीकडे पाहिलं.

वहिनी दुकानाच्या दारात उभी होती. तिला वाटत होतं जमीन दुभंगावी. ओरखडा नको म्हणून तिनं मधे कागद घातला होता. चांगला मऊ कागद, रोज नवा. आणि इतक्या वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही, की काचेला ओरखडा नको असतो, पण भावाला भावाचा ओरखडाच हवा असतो. त्याच्यावरूनच तर तो भावाला ओळखतो.

"मला मेलीला काय माहीत," ती म्हणाली, "की तुम्हाला शिव्या गोड लागतात!"

आधी टेंपोवाला हसला. मग शिंपी. मग थोरला, कमरेला धरून, कारण हसलं की कंबर दुखत होती. आणि वहिनी हसता हसता पायरीवर बसली ती उठेचना.

उरलेले आरसे त्यांनी दुपारच्या आत टेंपोत चढवले. कुणी मधे नव्हतं. आणि आवाज काय, सगळी गल्ली बाहेर आली. "अरे डावीकडे!" "तुझं डावं की माझं?" "बैला, आपलं डावं एकच!" "तू उलटा चालतोयस, तुझं वेगळं!" इतक्या वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं, आता बांध फुटला. शेवटचा आरसा चढवून झाला आणि दोघं एकदम त्या न्हाव्याच्या आरशावर आले. माप कुणाचं चुकलं. धाकटा टेप घेऊन न्हाव्याकडे चालला, थोरला त्याच्या मागे. न्हाव्यानं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्धवट साबण लावलेला, तसाच ठेवून तो भांडण ऐकत बसला. निकाल लागला नाही. भिंतच जुनी आणि वाकडी, वर एक माप, खाली दुसरं, म्हणून दोघंही खरे.

वहिनीनं त्या दिवशी जेवायला बसताना आपली खुर्ची मधून काढली आणि खिडकीशी नेली. दोघं समोरासमोर. मीठ पाहिजे तर थोरला सरळ म्हणाला, "मीठ दे रे." धाकट्यानं दिलं, आणि वर म्हणाला, "एवढं मीठ खातोस म्हणून रक्तदाब वाढतो." जेवण निवलं, पण भांडण काही निवलं नाही. वहिनी निवांत जेवली. तिला आठवेना, की ह्याआधी आपल्याला आपल्या जेवणाची चव कधी लागली होती.

निघायच्या दिवशी दोघं तिला बसवर पोचवायला आले. बॅग कुणी घ्यायची ह्यावरून वाटेत जुंपली. थोरला म्हणाला, माझी बायको आहे, मी घेणार. धाकटा म्हणाला, तुझी कंबर बघ आधी. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरली, आरशासारखी, आणि थोरला सवयीनं उलटाच चालायला लागला. लोक बघायला लागले.

"उतरल्यावर फोन कर," थोरला म्हणाला.

"वहिनी, छोट्या पोरीला काकाचा आशीर्वाद सांगा," धाकटा म्हणाला.

"काका कुठला? आजोबा झालास तू, आजोबा. हिशेबच कच्चा तुझा. म्हणून तो आरसा दोन बोटं..."

"पुन्हा आरसा? पुन्हा आरसा काढलास?"

वहिनी बसमधे चढली, खिडकीशी बसली. बस सुरू झाली. तिनं खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवला. खाली थोरला हात नाचवून बोलत होता, धाकटा कपाळाला हात लावत होता. दोघांपैकी एकानंही बसकडे पाहिलं नाही. बस निघाली तरी पाहिलं नाही. वहिनीला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. इतक्या वर्षांचं माणूस निघालंय आणि ह्यांना पत्ता नाही. पण मग तिला असं हसू आलं, की तिनं हात आत घेऊन तोंडावर दाबला.

शेजारच्या सीटवर एक बाई बसली होती. तिनं मान वाकडी करून बाहेर पाहिलं. "काय हो, ते दोघं भांडतायत की काय?"

"हो," वहिनी अभिमानानं म्हणाली. "भाऊ आहेत. कडाक्याचं भांडतायत."

"अगं बाई! मग कुणीतरी मधे पडायला नको का?"

"खबरदार," वहिनी म्हणाली, आणि चपला काढून पाय समोरच्या रिकाम्या सीटवर लांब केले.